नर्मदेच्या खोऱ्यात दोन दिवस : एकतानगरची सहल आखताना

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा पुण्या-मुंबईहून पाहुणे येणार असले की बडोद्यातल्या मराठी घरांत एक बेत हमखास ठरतो, 'स्टॅच्यू'ला जाण्याचा. मुलांना जंगल सफारी हवी असते, तरुणांना वरच्या गॅलरीतून फोटो काढायचे असतात आणि आजी-आजोबांच्या मनात गरुडेश्वर असते. निघायला उशीर होतो, तिकिटाची वेळ गाठायची घाई होते आणि परतताना अंधार पडतो. मग कार्यक्रमातून सर्वांत आधी गळते ते गरुडेश्वर. ज्येष्ठ मंडळी तक्रार करत नाहीत, "पुढच्या वेळी बघू" म्हणतात. असे होऊ नये म्हणून सभासदांसाठी ही माहिती एकत्र केली आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे : सहल तिकिटांच्या यादीवरून आखू नका, नदीवरून आखा. बडोद्याहून जाताना आपण प्रवाहाच्या उलट दिशेने वर जातो. वाटेत आधी डभोई, मग चांदोद, गरुडेश्वर, पुतळा आणि शेवटी धरण लागते. हा क्रम पाळला तर धावपळ वाचते आणि कोणाचीच इच्छा मागे राहत नाही.

कधी जावे, कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे. एप्रिल-मे मध्ये खोऱ्यात ऊन फार तापते आणि बरीच ठिकाणे उघड्यावर असल्याने लहान मुलांचे व वृद्धांचे हाल होतात. पावसाळ्याच्या अखेरीस डोंगर हिरवेगार असतात, जलाशय भरलेला असतो आणि धरणाचे दरवाजे उघडले असतील तर ते दृश्य पाहण्यासारखे असते. मात्र त्या वेळी नदीकाठच्या घाटांवर पाण्यात उतरू नये.

३१ ऑक्टोबर हा सरदार पटेलांचा जन्मदिवस. त्या सुमारास मोठे सरकारी कार्यक्रम असतात व बंदोबस्त कडक असतो, म्हणून ते दिवस टाळावेत. पुतळा आणि उद्याने देखभालीसाठी सोमवारी बंद असतात, हे परगावच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा परिसरात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा चालते. त्या महिन्यात या रस्त्यांवर आणि नावेच्या घाटांवर खूप गर्दी असते. परिक्रमेलाच जायचे असेल तर ती वेगळी सहल समजावी.

बडोद्याहून एकतानगर, म्हणजे पूर्वीचे केवडिया, साधारण ९० किलोमीटर आहे. १७ जानेवारी २०२१ पासून तिथे रेल्वेही जाते. हा मार्ग डभोई-चांदोदवरूनच पुढे नेलेला आहे. एका दिवसात परतायचे असेल तर रेल्वे चांगली, पण वाटेत थांबत जायचे असेल तर स्वतःची किंवा भाड्याची गाडीच बरी. एकतानगरला पोचल्यावर गाडी वाहनतळावर ठेवून तिथल्या बसने फिरावे. विजेवर चालणाऱ्या गुलाबी रिक्षाही मिळतात. त्या चालवणाऱ्या बऱ्याचजणी आसपासच्या आदिवासी गावांतल्या आहेत. गावाची माहिती त्यांच्याकडून जेवढी मिळते तेवढी फलकांवर मिळत नाही.

पहिला दिवस : डभोई ते गरुडेश्वर

सकाळी साडेसहा-सातला निघाल्यास पहिला थांबा डभोईचा. इथली हिरा भागोळ ही कोरीव वेस अर्ध्या तासात पाहून होते. आपल्या इतिहासातही डभोईला जागा आहे. १७३१ साली याच परिसरात पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला. त्या लढाईत दाभाडे पडले आणि गुजरातेत पुढे गायकवाडांचा जम बसण्याची वाट मोकळी झाली. १८६२ साली बडोदे संस्थानाची पहिली अरुंद रुळांची रेल्वे डभोई-मियागाम मार्गावर सुरू झाली. सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत असत. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, त्यांचा विश्वास बसत नाही.

डभोईहून चांदोदला जाता येते. नर्मदा आणि ओरसंग यांचा हा संगम. तिसरी गुप्त सरस्वती मानतात. घाटावरून नावेने संगमापर्यंत जाता येते. नावेत बसण्याआधी भाडे ठरवून घ्या आणि सर्वांना जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. समोरच्या करनाळीला कुबेर भंडारीचे मंदिर आहे. अमावास्येला तिथे अतोनात गर्दी होते, तेव्हा तो दिवस टाळावा.

तिथून तिलकवाड्यावरून गरुडेश्वर. माणगावला १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, देशभर पायी फिरून शेवटी याच तीरावर थांबले आणि १९१४ साली त्यांनी इथे देह ठेवला. 'करुणात्रिपदी' ज्या घरांत रोज म्हटली जाते त्यांना या जागेबद्दल वेगळे सांगायला नको. दत्तमंदिर, समाधी आणि खाली नर्मदेचा घाट असा हा परिसर आहे. दुपारच्या आधी पोचलात तर दर्शन निवांत होते. महाप्रसादाची वेळ आणि मुक्कामाची सोय आधी फोन करून विचारून घ्यावी. घाटाच्या पायऱ्या उतरताना गुडघेदुखी असलेल्यांनी कोणाचा तरी हात धरावा. नदी वरूनही तितकीच छान दिसते.

पुष्कळजण याच फेरीत नारेश्वरही जोडायला बघतात. रंग अवधूत महाराजांचे हे स्थान नर्मदेवरच असले तरी करजणच्या बाजूला, दुसऱ्या रस्त्यावर आहे. त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा.

दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी एकतानगर गाठावे. अंधार पडल्यावर पुतळ्यावर प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतो आणि गोऱ्याच्या घाटावर नर्मदेची आरती होते. दोन्ही एका संध्याकाळी साधेलच असे नाही. त्या दिवसाच्या वेळा बघून एकाची निवड करावी.

दुसरा दिवस : पुतळा, उद्याने, धरण

पुतळ्याची उंची १८२ मीटर. साधू बेटावर उभा असलेला हा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. त्याचे शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. पुतळ्याभोवती बारमाही पाणी दिसते, ते खाली गरुडेश्वरजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे. आदल्या दिवशी गरुडेश्वर पाहिलेले असले की हे चटकन लक्षात येते.

साधे प्रवेशाचे तिकीट आणि छातीच्या उंचीवरील गॅलरीचे तिकीट ही वेगळी असतात. गॅलरीच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते. सुट्टीच्या दिवसांत ते अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावे आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी. तेव्हा रांग कमी असते आणि हवा स्वच्छ असेल तर विंध्य व सातपुडा, दोन्हीकडचे डोंगर दिसतात. वर लिफ्टने जातात, तरी उभे राहणे आणि चालणे बरेच होते. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी गॅलरीचे तिकीट काढू नका. तळाचे संग्रहालय आणि बाहेरची गच्ची त्यांना पुरेशी आहे. चाकांची खुर्ची लागणार असेल तर प्रवेशद्वारापाशीच मागावी.

उद्याने खूप आहेत. सगळी एका दिवसात पाहायला गेलात तर फक्त बसमध्ये चढाल आणि उतराल. घरातल्या माणसांप्रमाणे दोनच निवडा :

- लहान मुले असतील तर जंगल सफारी. डोंगरउतारावर पसरलेले हे ३७५ एकरांचे प्राणिसंग्रहालय आहे. चढ असल्यामुळे मध्यान्ह टाळावी आणि दोन-तीन तास हाताशी ठेवावेत.
- अगदी लहानांसाठी बाल पोषण उद्यान. आत छोटी आगगाडी आहे आणि खेळता खेळता आहाराची माहिती मिळते.
- ज्येष्ठांसाठी आरोग्य वन. औषधी वनस्पती, सावली आणि सपाट वाटा.
- झाडाफुलांची आवड असेल तर फुलांची दरी, निवडुंगाची बाग आणि फुलपाखरांचे उद्यान.
- पावसाळ्यानंतर गेलात तर झरवाणीचा धबधबा. तो शूलपाणेश्वर अभयारण्याच्या जंगलात आहे.

धरणापाशी थोडे थांबा

शेवटचा थांबा सरदार सरोवर. १९६१ साली पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी १३८.६८ मीटर असते आणि जलाशय २१४ किलोमीटर मागे पसरतो. इथून निघणारा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर धावून राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो. कच्छ-सौराष्ट्रात नर्मदेचे पाणी पोचले ते यामुळेच.

मुलांना हे सांगताना दुसरी बाजूही सांगावी असे आम्हाला वाटते. या पाण्याखाली तीन राज्यांतली गावे गेली. त्यांतली ३३ महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. त्या लोकांसाठी मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाने अनेक वर्षे लढा दिला. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही बुडाले. आज गोऱ्याजवळ दिसते ते नव्याने बांधलेले. धरणाच्या वसाहतीसाठी केवडिया, वागडिया, लिमडी, नवागाम, गोरा आणि कोठी या सहा गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आपण ज्या बागांतून फिरतो त्या याच परिसरात आहेत. म्हणून चहा, मक्याचे कणीस, बांबूच्या वस्तू घेताना जिथे जमेल तिथे गावकऱ्यांच्या टपरीवर घ्याव्यात आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

एकच दिवस असेल तर

सकाळची गॅलरी, एकच उद्यान, लवकर जेवण आणि परतताना गरुडेश्वर, एवढेच ठेवा. दुपारी तीनच्या आत एकतानगर सोडायचे हे घरातून निघतानाच सर्वांनी मिळून ठरवावे, आणि त्या वेळी जे बाकी असेल ते सोडून द्यावे.

सोबत पाण्याच्या बाटल्या, टोप्या, रोजची औषधे, ओळखपत्र आणि सवयीच्या चपला असाव्यात. नव्या बुटांची हौस इथे करू नये. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात, निघण्याच्या आदल्या दिवशी त्या एकदा तपासून घ्याव्यात. आणि तिकिटे काढायला बसण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, तुम्हाला कुठे जायचे आहे? त्यांचे ठिकाण कागदावर पहिले लिहा. बाकीचे त्याच्याभोवती आपोआप बसते.

नर्मदे हर!