पोस्टकार्डावरचा प्रश्न

दोस्तांनो, समजा तुम्ही खडकी स्टेशनवर लोणावळा लोकलची वाट बघत उभे आहात. लोकल उशिरा येणार आहे. मग करायचं काय? शेजारचे काका काय कुजबुजतायत तिकडे कान लावायचे? छे! तो झाला भोचकपणा. त्यापेक्षा जरा खाली रुळांकडे बघा. एवढी खडी कशाला बरं पसरली असेल? आणि तीसुद्धा टोकदार, नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत का नाही?

असं वाटलं ना, की समजा जिज्ञासा जागी झाली! पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी जाणून घेण्याची इच्छा ती जिज्ञासा. म्हणजे ही एक तहानच की! दुसरा पाणी प्यायला म्हणून काही आपली तहान भागत नाही.

तर खडीचं उत्तर असं. गाडीचं प्रचंड वजन खडीमुळे खालच्या जमिनीवर पसरतं आणि पावसाचं पाणी तिच्यातून निघून जातं. टोकदार दगड एकमेकांत घट्ट अडकून बसतात, त्यामुळे रूळ हलत नाहीत. गोल गोटे घरंगळले असते!

खडकीजवळच, पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५). मुलं सहीसाठी त्यांच्याभोवती गर्दी करायची. त्यांनी एक गंमत केली. सहीऐवजी ते मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. त्याचं उत्तर मी पाठवीन, आणि खाली माझी सही असेलच! सही मागायला नुसती वही पुरते. प्रश्न विचारायला मात्र आधी स्वतः विचार करावा लागतो, हो ना?

ते लहानपणी बनारसला राहत. घरातल्या फळ्यावर त्यांचे मोरूमामा गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, नाहीतर जयंतानं हार मानेपर्यंत, तसंच फळ्यावर राहायचं.

आपण मात्र 'सगळे हसतील' म्हणून वर्गात ओठांवर आलेला प्रश्न गिळून टाकतो. मग तो विरतो आणि हळूहळू पडायचाच बंद होतो. हसणारे तास संपला की विसरून जातात, पण न विचारलेला प्रश्न हरवतो तो आपला!

तेव्हा या आठवड्यात एकच करा. एक प्रश्न कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पुस्तकं धुंडाळा, बाईंना, आजोबांना विचारा. आणि बरं का, उत्तर मिळेपर्यंत तो कागद काढायचा नाही!