जास्वंदीचे चित्र

बंगळूरच्या लालबागेची लागवड हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केली. १८५६ मध्ये तिला सरकारी उद्यानाचे रूप आले, तेव्हा सल्ला देणाऱ्यांत ह्यू क्लेगहॉर्न हा स्कॉटिश डॉक्टर होता. मराठी श्रोत्यांशी त्याचा संबंध मात्र त्याआधीचा आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी, म्हैसूर मुलखातच शिमोग्यास असताना, एका मराठी चित्रकाराकडून तो रोज एका वनस्पतीचे चित्र काढवून घेई. त्याने जमविलेली चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत.

रोज एक चित्र, ही काही सामान्य गोष्ट नव्हे. साधी जास्वंद घेतली तरी ती सकाळी उमलते आणि बहुधा सायंकाळी मिटू लागते. चित्रकाराच्या हाती तेवढाच अवधी.

तरीही पहिला पाव तास कुंचल्याला हात लावू नये. पाकळ्या पाच, त्या एकीवर एक कशा चढल्या आहेत. मधला दांडा किती बाहेर आला आहे. त्याच्या टोकाशी पाच कुक्षी आहेत ना, हे मोजून पाहावे. वनस्पतिशास्त्रज्ञ फूल ओळखतो ते याच खुणांवरून. मग जाड कागदावर पेन्सिलीने अगदी फिकी रेषा काढावी. ठळक रेषा पातळ रंगातून डोकावते.

खरी कसोटी पुढेच आहे. आपल्याकडील जुने लघुचित्रकार अपारदर्शक रंग वापरीत, त्यामुळे उजेडाचा ठिपका मागाहून सफेद्याने देता येई. पारदर्शक जलरंगात उजेड येतो तो खालच्या कागदातून. म्हणून कुठे रंग लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. पाकळीवरील चकाकी आणि दांड्यावरील पिवळे परागकोश यांच्या जागा कोऱ्या राखाव्यात. तेथे एकदा लाल रंग गेला, की वरून दिलेला पिवळा नारिंगी दिसणार.

यानंतर एकेक पाकळी स्वच्छ पाण्याने ओलसर करून तीत फिका लाल सोडावा. तो कडेकडे आपोआप विरघळत जातो. शेजारची पाकळी मात्र पहिली वाळल्यावरच घ्यावी. घाई केली तर दोन्हींचे रंग एकमेकांत शिरतात. बंगळूरच्या फाल्गुनात कागद लवकर वाळतो, आषाढात वाट पाहावी लागते. रंग चुकून पसरलाच, तर ओला असेतो टीपकागदाने उचलावा. वाळल्यावर घासल्यास कागदच खरवडतो.

दुसरा थर घशाजवळ गडद द्यावा आणि शिरा कोरड्या, टोकदार कुंचल्याने ओढाव्यात. पानांसाठी निळा व पिवळा मिसळावा, आणि त्यात फुलातलाच लाल किंचित घालावा, म्हणजे हिरवा भडक राहत नाही.

परागकोशांचे पिवळे ठिपके सर्वांत शेवटी. तोपर्यंत समोरच्या फुलाच्या पाकळ्या छत्रीसारख्या गुंडाळू लागलेल्या असतात.