गोल्फच्या खेळांतील अंतरमापन आणि त्याची मर्यादा

खेळांत अंतराचा प्रश्न आला कीं मापाचा प्रश्न येतो, आणि मापाचा प्रश्न आला कीं त्याच्या मागोमाग तंटाहि येतो. आमच्या श्रीगोंद्याच्या मुलांस ही गोष्ट विटीदांडूवरून पक्की ठाऊक आहे. विटी जेथें पडली तेथपर्यंतचें अंतर त्याच दांडूनें मोजावयाचें, आणि मोजतांना वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द उच्चारावयाचे. हे शब्द तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यांशीं किती जुळतात हें पाहिलें म्हणजे मोठी मौज वाटते. पण येथें ध्यानांत घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. दोन्ही पक्षांस माप एकच असतें, म्हणूनच त्या मोजणीस मान मिळतो. शेतीच्या मोजणींतहि तेंच तत्त्व आहे. मोजणीची साखळी ३३ फूट लांबीची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, जमीन झाली कीं तिला एक गुंठा म्हणावें, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर व्हावा. श्रीमंताच्या शेतास जी साखळी तीच गरिबाच्या शेतास. या एका गोष्टीवर कितीएक बांधांचे निवाडे झाले आहेत.

आतां अशा एका खेळाकडे वळूं, ज्यांत अंतर हाच जीव कीं प्राण आहे. गोल्फ आमच्या तालुक्यांतील मुलांच्या परिचयाचा नाहीं; तथापि तो आपल्या देशास नवा नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. आपल्या जवळ पाहूं गेल्यास पुण्यास येरवड्याला गोल्फचें मैदान आहे. पुण्यांत जन्मलेले अनिर्बान लाहिरी व पुण्याचेच उदयन माने या दोघांनीं २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत आपल्या देशातर्फे हा खेळ खेळला. तेव्हां त्याची थोडी ओळख करून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

गोल्फमध्यें लहानसा चेंडू क्लब नांवाच्या काठीनें टोलवीत टोलवीत सव्वाचार इंच व्यासाच्या भोंकांत घालावयाचा असतो. अशीं अठरा भोंकें ओळीनें खेळावीं लागतात, आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकला. खेळाडूजवळ जास्तींत जास्त चौदा क्लब असूं शकतात. प्रत्येकानें चेंडू निरनिराळ्या अंतरावर जातो. म्हणून प्रत्येक टोल्यापूर्वीं खेळाडूपुढें पहिला प्रश्न हाच कीं, येथून निशाणाची काठी किती यार्डांवर आहे? अंदाज दहा यार्डांनीं चुकला तर चेंडू हिरवळीवर पडावयाच्या ऐवजीं वाळूच्या खड्ड्यांत किंवा तळ्यांत जातो.

जुन्या काळीं हा अंदाज केवळ नजरेनें करीत, किंवा मैदानाची माती रोज तुडविणारा कॅडी, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणारा सोबती, तो सांगत असे. पुढें कांहीं खेळाडू सामन्यापूर्वींच पावलांनीं मैदान मोजून वहींत आंकडे टिपूं लागले. अमेरिकेचा प्रख्यात खेळाडू जॅक निक्लॉस यानें १९६१ सालच्या अमेरिकन हौशी खेळाडूंच्या अजिंक्यपद सामन्याच्या वेळीं ही पद्धत उचलली व पुढें ती सर्वत्र रूढ झाली. अर्थात् मोजून खेळणें ही चाल यंत्रांपूर्वींचीच आहे. यंत्रांनीं ती सोपी केली, इतकेंच.

हीं यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत. पहिलें लेसर किरणांचें. दुर्बिणीसारखें हें लहान यंत्र डोळ्यास लावून निशाणाच्या काठीवर रोखावें व कळ दाबावी, म्हणजे त्यांतून डोळ्यांस न दिसणारा प्रकाशाचा झोत निघतो, काठीवर आपटतो व परत येतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळास या वेगानें गुणून निम्मे केलें कीं अंतर मिळतें. काठी १५० यार्डांवर, म्हणजे सुमारें १३७ मीटरांवर, असेल तर प्रकाशाची ही सारी फेरी सेकंदाच्या दहा लक्षांश भागाहूनहि कमी वेळांत पुरी होते. एका यार्डाचा फरक ओळखावयाचा तर सेकंदाचे शंभर कोटी भाग करून त्यांतील सहा भागांचा फरक त्या यंत्रास कळला पाहिजे! दुसरा प्रकार उपग्रहांवर चालणारा. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संदेश घेऊन हें यंत्र आपण कोठें उभे आहों हें ठरवितें, आणि आंत साठविलेल्या नकाशावरून हिरवळीची अलीकडची कड, मध्य व पलीकडची कड किती दूर आहे तें सांगतें. यांत थोड्या मीटरांची चूक संभवते. शिवाय भोंकाची जागा वरचेवर बदलीत असल्यामुळें नेमक्या काठीचें अंतर नुसत्या नकाशावरून कळत नाहीं. उलट लेसरास काठी दृष्टीस पडावी लागते; मध्यें झाड किंवा टेकाड आलें कीं त्याचा इलाज खुंटतो.

आतां नियमांकडे येऊं. पूर्वीं सामना चालू असतां अंतर मोजण्याचें कृत्रिम साधन वापरण्यास मनाई होती. २००६ सालीं ती थोडी सैल झाली, व स्थानिक नियम करून परवानगी देण्याची मुभा सामना भरविणाऱ्या मंडळांस मिळाली. १ जानेवारी २०१९ पासून अमलांत आलेल्या नव्या नियमांनीं हा क्रमच उलटविला. आतां मोजण्यास सर्वसाधारण परवानगी आहे; ज्या मंडळास ती नको असेल त्यानें स्थानिक नियमानें बंदी जाहीर करावी. म्हणून खेळाडूनें सामन्यापूर्वीं स्थानिक नियमांचा कागद वाचणें हें त्याचें पहिलें कर्तव्य होय. व्यवसायी खेळाडूंच्या मोठ्या सामन्यांत बंदीच पुष्कळ काळ चालली. २०२१ सालीं पीजीए अजिंक्यपद सामन्यांत प्रथमच तेथील खेळाडूंस हीं यंत्रें मोकळेपणानें वापरतां आलीं.

परंतु ही परवानगी अमर्याद नाहीं, आणि येथेंच नियम करणाराची सूक्ष्म दृष्टि दिसून येते. यंत्रानें अंतर सांगावें, दिशा सांगावी. त्यापुढें जाऊं नये. जमिनीचा चढ-उतार मोजणें निषिद्ध आहे. चढावर तेंच अंतर अधिक जोराच्या टोल्याचें ठरतें व उतारावर कमी जोराच्या. ही वजाबाकी-बेरीज खेळाडूनें आपल्या डोक्यानें करावयाची. पुष्कळ यंत्रांत चढ मोजण्याची सोयहि असते. तसलें यंत्र जवळ बाळगण्यास हरकत नाहीं, पण ती सोय सामन्यांत वापरतां कामा नये. कोणता क्लब घ्यावा किंवा कोणत्या रेषेनें मारावें हा सल्ला यंत्राकडून घेणेंहि वर्ज्य आहे. वाऱ्याचा वेग यंत्रानें मोजूं नये. मात्र चिमूटभर गवत उडवून वारा पाहण्यास कोणाची ना नाहीं. पहिल्या नियमभंगास दोन टोल्यांचा दंड होतो, अगर दोघांच्या झुंजीचा सामना असेल तर तें भोंक हरल्याचें धरतात. दुसऱ्यांदा तसेंच घडल्यास खेळाडू सामन्यांतून बाद होतो. कॅडीनें केलेली चूकहि खेळाडूच्याच माथीं बसते.

कोणी विचारील, अंतर चालतें मग चढ कां चालूं नये? दोन्ही मोजमापेंच ना? याचें उत्तर असें कीं, निशाण १५० यार्डांवर आहे ही वस्तुस्थिति झाली. ती वहींत लिहिलेली, खुंटीवर रंगविलेली व सर्वांस खुली असते. पण चढ, वारा, ओलें गवत आणि आपल्या हाताचा जोर हीं सर्व ताडून या १५० यार्डांचे किती समजावे, हा निर्णय होय. वस्तुस्थिति विचारून घ्यावी, निर्णय आपला आपण करावा, अशी ही वांटणी आहे. निर्णयहि यंत्रानेंच केला तर सामना खेळाडूंचा न राहतां यंत्रांचा होईल.

या वांटणींतून आणखी एक हितकर गोष्ट निघते. हीं यंत्रें महाग असतात. ज्याच्या खिशाला परवडत नाहीं त्यानें काय करावें? नियम सांगतो कीं, अंतर ही सार्वजनिक माहिती असून ती विचारणें म्हणजे सल्ला घेणें नव्हे. ज्याच्याजवळ यंत्र नाहीं त्यानें प्रतिस्पर्ध्यासहि खुशाल विचारावें, ‘येथून निशाण किती यार्ड?’ आणि प्रतिस्पर्ध्यानें तें सांगितल्यास दोघांपैकीं कोणासहि दोष लागत नाहीं. परंतु ‘तूं कोणता क्लब घेतलास?’ असें विचारलें तर तो सल्ला झाला व दंड ठरलेला. साधन एकाच्या हातीं असूनहि माप दोघांचें राहावें अशी ही योजना पाहून विटीदांडूची आठवण होते.

यंत्राची चढ मोजण्याची सोय बंद आहे कीं चालू, हें बहुधा तें डोळ्यास लावणारासच ठाऊक असतें. विस्तीर्ण मैदानावर प्रत्येक खेळाडूमागें पंच धांवत नाहीं. पुष्कळदां खेळाडूनेंच आपला दंड आपल्या नांवावर मांडावयाचा असतो. विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं थोडेच जण पुढें गोल्फ खेळतील; परंतु मोजावयाचीं साधनें मात्र सर्वांच्याच हातीं येत आहेत. त्यांस विचारण्यासारखें काय आणि आपल्याच बुद्धीनें ठरविण्यासारखें काय, हा भेद ज्यास कळला, व कोणी पाहत नसतांहि ज्यानें तो पाळला, त्यास कोणत्याहि मैदानावर उतरण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.