नानकटाईतला शेवगा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या तालुक्याच्या गावी बेकरीपुढे रांग लागते. ही रांग विकत घेणाऱ्यांची नसते, भाजून घेणाऱ्यांची असते. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं डब्यांत भरून न्यायचं, तिथेच कालवायचं, पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडायचे आणि भाजणावळ देऊन नानकटाईचा डबा घरी आणायचा. गेल्या दिवाळीला या रांगेत मी उभी होते तेव्हा माझ्या परातीतल्या पिठाला हिरवट झाक होती. भट्टीवर बसलेल्या काकांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, मेंदी कालवली का काय यात?"

मेंदी नव्हती, शेवग्याच्या पाल्याची पावडर होती. पण त्यांच्या प्रश्नाने मला विचारात पाडलं. गोड पदार्थात भाजी घालणं आपल्याला नवं नाही. लाल भोपळ्याचे घारगे आपण करतो, दुधीचा आणि गाजराचा हलवा करतो. कोकणात तवसाचं, म्हणजे मोठ्या जून काकडीचं धोंडस गुळात शिजवून खालीवर निखारे ठेवून भाजतात. तो आपला भाजीचा केकच. पण यात पान कुठेच नाही. मेथी, चुका, चाकवत, शेपू, तांदुळजा, अंबाडी, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला. बीड जिल्ह्यात थंडीत पाल्याला तोटा नसतो. हा सगळा पाला तिखटमिठाच्या ताटात जातो, धपाट्यात जातो, पण गोडाच्या वाटेला कधी जात नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो गोडात घातला नाही, याला कारण आहे, आणि ते पानाच्या पेशीत आहे.

पहिली अडचण वासाची. शेवग्याची डहाळी झाडावर असते तोवर तिला फारसा वास येत नाही. पान चुरगाळलं की मात्र कापलेल्या गवतासारखा उग्र वास सुटतो. अख्ख्या पेशीत स्निग्ध पदार्थ एका कप्प्यात असतात आणि त्यांना तोडणारी लायपॉक्सिजनेज नावाची विकरं दुसऱ्या कप्प्यात. पान वाटलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि क्षणात सहा कार्बनची छोटी, उडून जाणारी हेक्झेनालसारखी संयुगं तयार होतात. भाजीच्या फोडणीत लसूण-मिरची हा वास झाकून टाकते. वेलची-जायफळाला ते जमत नाही.

उपाय सोपा आहे. मी एकदा पाल्याचे दोन वाटे केले. एक तसाच पाट्यावर वाटला. दुसरा चाळणीत घालून उकळत्या पाण्याच्या वाफेवर तीन मिनिटं धरला आणि मग वाटला. पहिल्या वाटणाचा वास दारापर्यंत गेला, दुसऱ्याचा वाटीवर नाक नेल्याशिवाय आला नाही. वाफेच्या उष्णतेने विकरं आधीच निकामी होतात, त्यामुळे पेशी नंतर फुटली तरी तोडायला कोणी उरत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी वाफ, मग वाटण. पावडर करायची तरी हाच क्रम.

दुसरी अडचण रंगाची. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की हायड्रोजन त्याची जागा घेतो आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. पालक जास्त शिजला की काळपट का पडतो, याचं उत्तर हेच. पिठात दही किंवा गूळ असेल तर हा बदल लवकर होतो. खाण्याचा सोडा जास्त घातला तर हिरवा टिकतो, पण चव साबणासारखी लागते आणि काही जीवनसत्त्वंही त्यात जातात. रंगासाठी सोडा वाढवू नये. गुळाच्या नानकटाईत भट्टीतून बाहेर येईपर्यंत शेवग्याचा हिरवा जवळजवळ ओळखू येत नाही, वरच्या तपकिरी रंगात मिसळून जातो. मुद्दाम लपवायची गरजच पडत नाही.

तिसरी अडचण पाण्याची. ताज्या पाल्यात पाऊण भाग पाणी. नानकटाईच्या पिठात पाण्याचा थेंब घालत नाहीत, तुपावरच ती बांधली जाते, म्हणून ती खुसखुशीत होते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. ओलं वाटण घातलं की ती मऊ पडते, तिला वरून भेगा जात नाहीत आणि चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून नानकटाईत पावडरच हवी. पाला सावलीत वाळवायचा. उन्हात लवकर वाळतो खरा, पण अ जीवनसत्त्व देणाऱ्या ज्या कॅरोटीनसाठी आपण हा खटाटोप करतो ते प्रकाशात नासतं. शंभर ग्रॅम पिठाला एक चमचा पावडर पुरे. त्यापुढे कडसरपणा जिभेला लागतो.

आता हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार शेवग्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 4.6 मिलिग्रॅम लोह असतं. त्या 100 ग्रॅमची पावडर होते 25 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अडीच ग्रॅमच्या एका चमच्यात लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. तो चमचा आठ नानकटायांत वाटला गेला आणि मुलाने दोन खाल्ल्या, तर त्याच्या पोटात गेलं जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची शिफारस आहे 11 मिलिग्रॅम. शंभरातला एक वाटा. त्यातही वनस्पतीतलं लोह शरीरात पूर्ण शोषलं जात नाही, थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो.

याच तक्त्यांत मला आणखी एक गोष्ट सापडली. 100 ग्रॅम मैद्यात लोह सुमारे 1.8 मिलिग्रॅम आणि चक्कीच्या गव्हाच्या पिठात 4.1. म्हणजे पाल्याचा चमचा विसरून नुसता मैदा बाजूला ठेवला आणि घरचं गव्हाचं पीठ घेतलं, तर लोहात पडणारी भर त्या चमच्याच्या जवळजवळ पाचपट. गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट शोषण थोडं अडवतं हे खरं, तरीही ही अदलाबदल आधी करावी आणि पाला नंतर घालावा.

कॅरोटीनच्या बाबतीत शेवगा खरंच श्रीमंत आहे. 100 ग्रॅम पाल्यात साडेसतरा मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, पालकात 2.6. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. वाळवण्यात आणि भाजण्यात बरंच गेलं तरी उरतं ते तुपासोबत चांगलं शोषलं जातं, आणि नानकटाईत तूप असतंच.

पण ती नानकटाई आपण खातो कशात बुडवून? चहात. बीडच्या कितीतरी घरांत लहान लेकरांची सकाळ चहा-बिस्किटाने किंवा चहा-चपातीने होते. चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला पकडून ठेवतात. जेवणासोबत घेतलेल्या चहाने वनस्पतीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे जे थेंबभर लोह मोठ्या कष्टाने आत घातलं, तेही कपातच राहतं. याउलट क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. ते भट्टीच्या आचेत टिकत नाही, म्हणून बाहेरून द्यायला हवं: सोबत पेरूची फोड, आवळा, मूठभर बोरं. थंडीत आपल्या बाजारात आणि बांधावर हे सगळं असतंच. चहा मागाहून, तासा-दोन तासांनी, आणि लेकरांना नाही दिला तर उत्तम.

हा हिशेब मी इतका लावून धरते कारण प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं आणि 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एवढा रक्तक्षय बिस्किटाने हटत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी किंवा निळी लोहाची गोळी लेकराने खरोखर गिळली का, हे पाहणं पाल्याच्या पावडरीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

मग पाला गोडात घालायचा कशाला? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तीन ते पाच वर्षांच्या 40 मुलांना दिवसभराच्या पदार्थांत भाजीचं वाटण मिसळून दिलं गेलं. त्यात काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनीचा गोड पावही होता. मुलांनी ते पदार्थ नेहमीइतकेच आवडीने खाल्ले आणि भाजी पोटात गेली जवळपास दुप्पट. तिथे भाजी वाटणाच्या रूपात, भरपूर प्रमाणात घातलेली होती. लपवायचंच असेल तर ओल्या पदार्थात लपवावं, हा त्यातून घेण्यासारखा धडा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ घालून आपण केक भाजतोच. त्यात वाफवलेल्या पालकाचं वाटीभर वाटण आणि एक पिकलेलं केळं सहज जातं. घारग्यात भोपळ्यासोबत राजगिऱ्याचा पाला घालता येतो. आणि गूळ असला तरी तो साखरेच्याच जातीचा. पाला घातला म्हणून गोड जास्त खायला देऊ नये.

भाजी मुलाच्या नकळत पोटात गेली, तर पोट भरतं, पण जीभ काही शिकत नाही. नव्या चवीची गोडी लागायला लेकराला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, आणि ती जिभेला जाणवावी लागते. ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला होता त्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना तोंडं कमी वाकडी केली होती. चवीची ओळख एवढी आधी सुरू होते. नानकटाईतून लोह नगण्य मिळतं, मिळते ती ही ओळख. ती लपवली तर हाती उरलं काय?

म्हणून मी त्या दिवशी पाला लपवला नाही. घरच्या दोन्ही पोरांनी तो डहाळीवरून ओरबाडला होता, चाळणीत वाफवताना वास घेतला होता, वाळल्यावर हातांनी चुरला होता. नानकटाई घरी आल्यावर धाकट्याने ती मोडून आतला हिरवा ठिपका शोधला आणि "हा मी तोडलेला पाला" म्हणत खाल्ला. पुढच्या आठवड्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी ताटात आली तेव्हा त्याने ती सगळी संपवली नाही, पण दोन घास खाल्ले. मला ते दोन घास डबाभर नानकटाईपेक्षा मोलाचे वाटले.

या पावडरीला नानकटाईपलीकडेही काम आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडालगत त्यांची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी पडते. काही लेकरं सोबत जातात, काही गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला पाला निवडायला वेळ कुठून मिळणार? अशा बिऱ्हाडासोबत शेवग्याच्या पावडरीचा एक घट्ट झाकणाचा डबा गेला, तर तो महिनोन्‌महिने टिकतो. भाकरीच्या पिठात, वरणात, गुळपापडीत रोज दोन चमचे पडले तर नानकटाईपेक्षा त्याचा उपयोग किती तरी जास्त. मागे राहिलेल्या लेकरांसाठी आजीच्या अंगणातलं झाड असतंच.

शेवगा फांदीवरून लागतो. हाताएवढी जाड, कमरेएवढी लांब फांदी पाऊस सुरू झाल्यावर पाणी साचणार नाही अशा जागी रोवा. फुटवा आला की पहिला पाला पोरांच्या हातांनी तोडा, आणि त्यांना सांगूनच पिठात घाला.