चेंडू, भूमि आणि शिष्य

पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडूचें वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतें व खेळपट्टीची लांबी २२ यार्ड असते. हे आंकडे कोल्हापुरांत, पुण्यांत व इंग्लंडांत सारखेच. तथापि तोच चेंडू व तोच हात असतांहि फळ मात्र निरनिराळें मिळतें. असें कां व्हावें, ह्याचा विचार मुलें वाढविणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी करावा, असें आम्हांस वाटतें.

फिरकी टाकणारा गोलंदाज बोटांनीं चेंडूस जें भ्रमण देतो, तें जमिनीची पकड मिळाल्यावांचून फलद्रूप होत नाहीं. कठीण मुरुमावर काथ्याची चटई ताणून बसविली, म्हणजे तिचे खरखरीत धागे चेंडूस धरतात. चेंडू चांगला वळतो आणि उसळतोहि. रोलर फिरवून घट्ट केलेल्या कोरड्या मातीच्या नव्या पट्टीवर ही पकड कमी. तेथें चेंडू बहुधा सरळ येतो व फलंदाजाचें फावतें. त्याच पट्टीवर हिरवें गवत व ओलावा असला, तर चेंडू शिवणीवर पडून अकस्मात् दिशा बदलतो. पुढें काळी माती वाळतांना आकुंचन पावून भेगाळते. म्हणून सामन्याच्या अखेरच्या दिवसांत फिरकीस पुन्हां बळ येतें.

आमच्या हातून घडलेला एक प्रमाद येथें सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगा शाळेच्या चटईवर उत्तम फिरकी टाकीत असे. परगांवीं मातीच्या पट्टीवर सामना झाला, त्या दिवशीं त्याचा एकहि चेंडू वळेना. आम्हीं त्यास सर्वांदेखत आळशी म्हटलें व पुढील सामन्यांतून वगळलें. त्यानें पुन्हां चेंडू हातीं धरला नाहीं. शिष्याची परीक्षा घेतांना भूमीची परीक्षा करावी, हें आम्हांस सुचलें नाहीं. तें शल्य अद्यापि आहे.

भूमीशीं ज्यांचा निकट संबंध आला, अशा एका पुरुषाचें स्मरण येथें होतें. चर्मकार समाजांत जन्मलेले बाळू पालवणकर ह्यांनीं पुण्यास क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याचें व रोलर फिरविण्याचें काम अल्प वेतनावर केलें. १९११ सालीं ते हिंदी संघाबरोबर इंग्लंडांत गेले आणि तेथील अपरिचित मैदानांवर त्यांनीं शंभराहून अधिक बळी मिळविले. अशा पुरुषास आपल्याच लोकांनीं एके काळीं चहा मात्र वेगळ्या मातीच्या पात्रांतून, तोहि बाहेर बसवून दिला. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आम्हां घरांनीं हें विसरूं नये. उत्तम चेंडूसहि भूमि अनुकूल नसेल तर काय होतें, ह्याचा याहून कठोर धडा दुसरा कोणता?

आमच्या कोल्हापुरांत १९१९ सालीं जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. हा आंकडा आम्हीं कित्येक मुलांकडून घोकून घेतला. परंतु त्या दिवशीं पट्टी कशी होती, हें एकाहि मुलानें विचारलें नाहीं, व आम्हींहि विचारावयास शिकविलें नाहीं.

नव्या शाळेंत मागें पडलेला मुलगा, सासरीं अबोल झालेली सून, मुलाच्या शहरीं येऊन कष्टी झालेले वृद्ध, ह्यांच्याविषयीं घरांत निर्णय देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढेंच करावें: चेंडू वळेना, तर आधीं भूमि पाहावी, हातास दोष मग द्यावा.