वादळ सरले, अंदाज उरले

२९ ऑक्टोबर २०१२. न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते, तेव्हा सँडी वादळाचे केंद्र ब्रिगँटीन गावाजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ७० नॉट, केंद्रातला दाब ९४५ मिलिबार. वादळ सरल्यावर तज्ज्ञांनी विमानांनी, उपग्रहांनी आणि जमिनीवरच्या केंद्रांनी टिपलेली निरीक्षणे पुन्हा चाळली आणि मग हे आकडे ठरवले. त्याआधी आठवडाभर मात्र निरनिराळी संगणकीय मॉडेल्स सँडी कुठे जाणार ते दिवसातून कितीदा तरी सांगत होती, आणि त्यातली बरीच उत्तरे चुकीची होती. ती कोणी पुसली नाहीत. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरने ती जशीच्या तशी जपून ठेवली आहेत, आणि कोणालाही ती फुकट उतरवून घेता येतात. विज्ञानाने स्वतःच्या चुका इतक्या नीट मांडून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हा संग्रह मला फार मोलाचा वाटतो.

हा साठा मुख्यतः दोन गठ्ठ्यांत असतो. एकाला ए-डेक म्हणतात, दुसऱ्याला बी-डेक. डेक म्हणजे गठ्ठा. संगणकाला भोके पाडलेली कार्डे भरवायचे त्या काळातला हा शब्द आहे. ए-डेकमध्ये त्या-त्या वेळी केलेले अंदाज असतात. बी-डेकमध्ये वादळाचा प्रत्यक्ष मार्ग असतो, म्हणजे मागाहून सगळा पुरावा तपासून ठरवलेला, दर सहा तासांच्या नोंदींचा. पुढचे सगळे गणित या दोन गठ्ठ्यांच्या वेगळेपणावर उभे आहे. त्या वेळी काय वाटले होते आणि नंतर काय घडले, हे एकमेकांत मिसळू दिलेले नाही.

फाइल उघडली की स्वल्पविरामांनी तोडलेल्या हजारो ओळी दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते, पण एक ओळ समजली की सगळ्या समजल्या. नमुन्यासाठी एक घेऊ. घडण खरी आहे, आकडे समजुतीपुरते माझे आहेत:

एएल, १८, २०१२१०२७००, ०३, ओएफसीएल, ७२, ३८४एन, ७२४डब्ल्यू, ६५

मूळ फाइलीत अक्षरे रोमन असतात. ‘एएल’ म्हणजे अटलांटिक, आणि १८ हा त्या हंगामातला सँडीचा क्रमांक. पुढचा लांबलचक आकडा म्हणजे तारीख आणि तास: २७ ऑक्टोबर २०१२, शून्य वाजता. हा तास नेहमी जागतिक प्रमाणवेळेचा असतो, आणि घोटाळा इथेच होतो. सँडी किनाऱ्यावर आले ते या वेळेप्रमाणे २९ तारखेला रात्री साडेअकराला. भारतात तेव्हा ३० तारखेची पहाट, पाच वाजलेले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाबाळांच्या काळजीने पुण्यात-ठाण्यात जागत बसलेल्या आईवडिलांना हा फरक त्या रात्री वेगळा शिकवावा लागला नसेल.

त्यापुढचा ०३ आपल्याला इथे लागत नाही. ‘ओएफसीएल’ या जागी अंदाज कोणाचा ते लिहिलेले असते. हे नाव सेंटरच्या अधिकृत अंदाजाचे. ‘एव्हीएनओ’ असेल तर तो अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा. त्यापुढचे ७२ म्हणजे किती तासांनंतरची स्थिती सांगितली आहे तो आकडा. मग अक्षांश आणि रेखांश, पण दशांश चिन्ह गाळून: ३८४एन म्हणजे ३८.४ अंश उत्तर. शेवटचा आकडा वाऱ्याचा, नॉटमध्ये. खऱ्या ओळीत यापुढेही बरेच रकाने असतात: दाब, वादळाचा प्रकार, आणि ठरावीक वेगाचे वारे केंद्रापासून चारही दिशांच्या चतुर्थांशांत किती दूर पसरतील ते.

त्या पसरण्याच्या रकान्यांमुळे नवशिका हमखास फसतो. ३४, ५० आणि ६४ नॉटच्या वाऱ्यांसाठी वेगवेगळी ओळ लिहितात, त्यामुळे एकच अंदाज, एकच तास आणि एकच जागा फाइलीत तीनदा येऊ शकते. तिन्ही ओळी मोजल्या तर जोरदार वादळांचे वजन सरासरीत आपोआप वाढते. दुसरा सापळा शून्याचा आहे. वाऱ्याच्या किंवा दाबाच्या रकान्यात शून्य दिसले तर बहुतेकदा माहिती नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. तिसरा सापळा ९० ते ९९ या क्रमांकांचा. अजून वादळ न झालेल्या, नुसत्या नजरेखाली ठेवलेल्या ढगसमूहांना हे आकडे देतात, आणि ९९ झाले की पुन्हा ९० पासून सुरुवात होते. एकाच हंगामातला ‘९३’ दोन वेगळ्या ढगसमूहांचा असू शकतो.

आता चूक मोजू. आपली नमुन्याची ओळ ७२ तासांनंतर वादळ ३८.४ उत्तर, ७२.४ पश्चिम इथे असेल असे म्हणते. ती वेळ सँडी किनाऱ्यावर आल्यानंतर अर्ध्या तासाची. तेवढा फरक सोडून प्रत्यक्ष जागा ब्रिगँटीनची धरू: ३९.४ उत्तर, ७४.४ पश्चिम. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, त्यामुळे उत्तर-दक्षिण फरक ६० मैलांचा. रेखांश मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. या अक्षांशावर एक अंश जेमतेम ४७ सागरी मैलांचा भरतो. दोन अंशांचे सुमारे ९३ मैल झाले. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की १११ सागरी मैल, म्हणजे साधारण २०५ किलोमीटर. संगणकाला पृथ्वीच्या गोलाईचे नेमके सूत्र देतात, पण तत्त्व हेच.

असे हजारो फरक काढून सरासरी घेतली की कोणते मॉडेल चांगले ते कळेल असे वाटते. तसे कळत नाही. एका मॉडेलने अवघड वादळांचे अंदाज दिले असतील, दुसरे नेमके त्या वेळी चालवलेच नसेल, म्हणजे त्याचे रन झालेच नसेल, तर दुसरे विनाकारण हुशार ठरते. म्हणून ज्या-ज्या वेळी सगळ्यांचे अंदाज हजर आहेत तेवढ्याच वेळा तुलनेला घ्यायच्या. यात बरीच माहिती हातची जाते, पण न्याय होतो.

अंदाज वर्तवणाऱ्या माणसाच्या बाबतीत न्यायाचा आणखी एक प्रश्न आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारा वाजताच्या स्थितीवर आधारलेला अधिकृत अंदाज तीन वाजता जाहीर होतो. बारा वाजताच्याच निरीक्षणांवर चालणारे जीएफएसचे रन त्या वेळी अजून पुरे झालेले नसते. म्हणजे फाइलीत दोन्ही ओळींवर तास एकच लिहिलेला असला, तरी त्या माणसाने मॉडेलचे ते उत्तर पाहिलेलेच नसते. त्याच्यासमोर सहा तास आधीच्या रनचा मार्ग असतो, वादळाच्या ताज्या जागेशी जुळवून सरकवलेला. फाइलीत अशा सरकवलेल्या मार्गांची वेगळी नावे आहेत, जीएफएसचे ‘जीएफएसआय’. माणसाची तुलना याच्याशी करायची. हे न पाहता ‘माणसापेक्षा यंत्र सरस’ असा निष्कर्ष काढणे त्या माणसावर अन्याय आहे.

या सगळ्याला तळाची एक पट्टी लागते. ती ‘सीएलपी५’ नावाच्या साध्या पद्धतीची. तिला हवामानाचे भौतिकशास्त्र ठाऊक नसते. वादळ आता कसे चालले आहे आणि पूर्वी अशा जागी अशा दिवसांत वादळे कुठे गेली, एवढ्यावर ती पुढचा मार्ग सांगते. तिच्यापेक्षा जेवढी चूक कमी, तेवढेच मॉडेलचे खरे कौशल्य.

सँडीच्या फाइलीत जीएफएसच्या ओळी रनमागून रन नकाशावर काढल्या की सुरुवातीचे मार्ग खुल्या अटलांटिकात निघून जाताना दिसतात आणि मग हळूहळू किनाऱ्याकडे वळतात. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलला ते डावे वळण सात-आठ दिवस आधीच दिसले होते. उत्तर अटलांटिकावर ठाण मांडून बसलेल्या जास्त दाबाच्या क्षेत्राने पूर्वेची वाट अडवली होती, आणि अमेरिकेवरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याने वादळ आत ओढून घेतले. बी-डेकचा प्रकाराचा रकानाही पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावर येण्याच्या थोडे आधी तिथे ‘एचयू’ जाऊन ‘ईएक्स’ येते: सँडी तांत्रिक अर्थाने हरिकेन उरले नव्हते. लाटांना त्याने काही फरक पडला नाही.

बातम्यांत दिसणारा वादळाच्या मार्गाचा पांढरा शंकूही याच गठ्ठ्यांतून येतो. मागच्या पाच वर्षांतल्या अधिकृत अंदाजांच्या चुका घ्यायच्या, प्रत्येक तासासाठी त्यातल्या दोनतृतीयांश मावतील एवढे वर्तुळ काढायचे आणि वर्तुळे जोडायची. म्हणून हंगामभर एका समुद्रातल्या सगळ्या वादळांना शंकूचे माप एकच असते. आणि तो केवळ केंद्राचा मार्ग सांगतो. पाऊस, वारा, समुद्राची भरती शंकूची रेषा पाहून थांबत नाही. १९९० च्या सुमारास तीन दिवसांच्या अंदाजातली सरासरी चूक २०० सागरी मैलांहून बरीच जास्त होती. आता ती शंभराच्या आसपास आली आहे, आणि शंकू त्या मानाने निमुळता झाला आहे.

अरबी समुद्रासाठीही हे शिकलेले कामी येते. हवाई बेटांवरचे अमेरिकी नौदलाचे केंद्र आपल्याकडच्या वादळांच्या फाइली याच घडणीत ठेवते, फक्त ‘एएल’च्या जागी ‘आयओ’ असते. ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळाची बी-डेक सँडीसारखीच वाचता येते. आपल्या हवामान खात्याच्या दिल्लीतल्या केंद्राचा स्वतंत्र मार्गसाठा आहे. दोन्ही शेजारी ठेवायचे तर एक खबरदारी घ्या. अमेरिकी आकडा वाऱ्याच्या एका मिनिटाच्या सरासरीचा असतो आणि आपला तीन मिनिटांच्या, त्यामुळे दोन्हीकडचे नॉट थेट एकमेकांतून वजा करू नका.