सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळ

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) औरंगपुऱ्यातून दिल्ली गेटकडे निघालं की सलीम अली सरोवर लागतं. पण या पक्षितज्ज्ञाचं नाव एका वटवाघळालाही दिलंय, हे किती जणांना माहीत असेल?

तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ साली अँगस हटन या मळेवाल्या निसर्गप्रेमीला एक फळखाऊ वटवाघूळ मिळालं. नमुना मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहात आला. नेहमीच्या आखूडनाक्या वटवाघळाची चिठ्ठी लागून तो वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला! मग थायलंडच्या किट्टी थोंगलोंग्या यांनी दात नीट पाहिले. वर-खाली पुढच्या दातांची एकेकच जोडी आणि शेपूट नाही! १९७२ मध्ये त्यांनी नवी प्रजातीच नव्हे, नवा वंशच जाहीर केला : लॅटिडेन्स सलीमअलीआय.

जिवंत प्राणी पुन्हा सापडायला १९९३ उजाडलं. तपकिरी रंग, गुहांमध्ये मुक्काम, जंगली उंबरवर्गीय फळांवर ताव. वस्ती फक्त दक्षिण सह्याद्रीत.

आणखी एक गंमत. आपल्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं कैक वर्षं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. हे मात्र वाघाच्या पंगतीला, पहिल्या परिशिष्टात!